सरांची कादंबरी आवडली नाही, तर काय लिहायचं?

पत्र

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहते. वाचनाचं वेड आहे आणि वाचलेल्या पुस्तकांविषयी फेसबुकवर नेमानं लिहिते. आम्हाला शाळेत मराठी शिकवणाऱ्या सरांनी निवृत्तीनंतर कादंबरी लिहिली, स्वखर्चानं छापली आणि ‘सस्नेह, अभिप्रायासाठी’ असं लिहून मला एक प्रत दिली. मी पूर्ण वाचली. आवडली नाही. वाटलं ते लिहिलं आणि सरांना टॅग केलं. पोस्ट खूप फिरली, खाली लोकांनी सरांची टर उडवली. सर स्वतः काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मुलानं ‘अब्रुनुकसानीचा दावा लावू’ असा निरोप धाडला आहे. मैत्रिणी म्हणतात, फुकट प्रत घेऊन असं लिहायला नको होतं. खरं लिहिणं हा गुन्हा आहे का? पोस्ट काढून टाकू का? सर रोज संध्याकाळी वाचनालयात येतात, त्यांच्यासमोर कशी जाऊ? आणि ॲमेझॉनवर स्टार द्यायचे राहिले आहेत, ते किती देऊ? पोस्ट सोबत जोडते आहे.
एक वाचक

उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही पोस्ट जोडलीत हे फार बरं केलंत. नाहीतर ‘खरं लिहिलं’ या दोन शब्दांवर माझा लगेच विश्वास बसला असता आणि मी तुमची बाजू घेऊन मोकळी झाले असते. पोस्ट वाचल्यावर वाटलं, हिच्यात एक उत्तम परीक्षण आहे, पण ते पाच-सहा वाक्यांखाली गाडलं गेलंय. दुर्दैव असं की लोकांनी पुढे पाठवली ती तीच पाच-सहा वाक्यं.

आधी चांगल्याविषयी बोलू. तिसऱ्या परिच्छेदात तुम्ही लिहिलंय की थोरली जाऊ नवव्या प्रकरणापर्यंत घर एकहाती ओढते आणि त्यानंतर कादंबरीतून नाहीशी होते. ती कुठे गेली हे घरातलं कुणी विचारतही नाही. पुढे 1972 च्या दुष्काळाच्या प्रकरणांविषयी लिहिलंय, ‘सुकडी येते, मिलो येतो, खडी फोडायचं काम येतं, पण भूक येत नाही.’ हे वाक्य मी बाजूला लिहून ठेवलं. सुकडी आणि मिलो ज्वारी हे तेव्हा मदत म्हणून वाटलेलं अन्न, खडी फोडणं हे तेव्हाचं दुष्काळी काम. ज्यांच्या घरी त्या दुष्काळाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, त्यांना यातलं अक्षर न् अक्षर कळेल. कादंबरीत नेमकं काय राहून गेलं ते तुम्ही दाखवलंत. ते सरांना कळलं असतं, वाचकाला कळलं असतं, आणि उद्या सरांनी दुसरी आवृत्ती काढली तर तिला उपयोगी पडलं असतं.

आणि हे कशाखाली गाडलं गेलं? ‘फुकट मिळाली तरी घेऊ नका.’ ‘सर, झाडांचा तरी विचार करायचा.’ ‘मराठीचे मास्तर, आणि पात्रं लई नि कशापायी बोलतात.’ ‘नवल नाही, शाळेतही सर असंच कंटाळवाणं शिकवायचे.’ यातल्या कोणत्या वाक्यावरून मला कादंबरीविषयी काही समजलं? विषय कोणता, काळ कोणता, फसलं कुठे, काहीच नाही. ही वाक्यं तुम्ही कादंबरी न वाचताही लिहू शकला असता. म्हणूनच ज्यांनी ती वाचली नाही, त्यांना ती पुढे पाठवणं इतकं सोपं गेलं.

परीक्षण कुणासाठी लिहायचं, हे मनात पक्कं नसलं की असं होतं. ते लेखकासाठी नसतं. त्याला काही सांगायचं तर पत्र आहे, फोन आहे, वाचनालयातलं बाकडं आहे. आपल्या पोस्टखाली हसणाऱ्यांसाठीही ते नसतं. साडेतीनशे-चारशे रुपये आणि चार संध्याकाळी या पुस्तकावर घालवू की नको, असा विचार करणारा कुणीतरी अनोळखी वाचक असतो, ते त्याच्यासाठी असतं. त्याला डोळ्यांसमोर ठेवून तुमची पोस्ट पुन्हा वाचा. जावेविषयीचं आणि भुकेविषयीचं वाक्य त्याच्या कामाचं आहे. सरांच्या तासाचं त्याला काय करायचंय?

आता मुलाच्या निरोपाविषयी, कारण त्याची तुम्हाला धास्ती बसलेली दिसते. आपल्याकडचा फौजदारी कायदा या बाबतीत पुष्कळ शहाणा आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेत 499 व्या कलमात अब्रुनुकसानीची व्याख्या होती आणि तिला दहा अपवाद होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हेच 356 वं कलम आहे आणि अपवादही तेच आहेत. सहावा अपवाद तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी आहे. जो माणूस पुस्तक प्रसिद्ध करतो तो ते लोकांच्या पारखीला ठेवतो, त्यामुळे त्या पुस्तकाच्या गुणदोषांविषयी सद्भावनेनं मत दिलं तर ती अब्रुनुकसानी होत नाही. कायद्यानं उदाहरणंही दिलीत. कुणी म्हणालं, ‘अमक्याचं पुस्तक मूर्खपणाचं आहे, तो दुबळ्या बुद्धीचा असला पाहिजे’, तर सद्भावनेनं म्हटलेलं असल्यास ते अपवादात बसतं, कारण लेखकाविषयीचं मत पुस्तकात जे दिसतं तेवढ्यापुरतंच आहे. पण तोच म्हणाला, ‘त्याचं पुस्तक मूर्खपणाचं निघालं यात मला नवल वाटत नाही, कारण तो माणूसच दुबळा आणि बाहेरख्याली आहे’, तर ते अपवादात बसत नाही.

ताई, तुमचंही शेवटचं वाक्य ‘नवल नाही’ असंच सुरू होतं. कादंबरी रटाळ आहे म्हणून लिहिणारा रटाळ वाटतो, इथपर्यंत तुम्ही पुस्तकाच्या आत होता. सर शाळेत कसे शिकवायचे हे लिहिलंत आणि पुस्तकाबाहेर पडलात. एका वाक्यापायी कुणी खरंच कोर्टाची पायरी चढेल असं मला वाटत नाही. नोटीस आलीच तर वकिलाला दाखवा, फेसबुकवर उत्तर देऊ नका. पण ही रेघ कायद्यापुरती नाही, सभ्यतेची रेघही तिथेच आहे. पुस्तकाच्या पानांत सापडतं त्याविषयी कितीही कठोर लिहा. जे तिथे सापडत नाही, म्हणजे माणसाचं घर, नोकरी, जात, वय, तब्येत, त्याचा जुना स्वभाव, त्याला हात लावू नका.

‘लई’ आणि ‘कशापायी’विषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण ही सवय तुमच्या एकटीची नाही. 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. मराठीत ग्रंथांवर परखडपणे लिहिण्याची घडी बसवण्यात तिचा मोठा वाटा आहे. त्याच मालेत जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांवर लिहिताना मात्र चिपळूणकर त्यांच्या भाषेवर आणि व्याकरणावर घसरले. फुले काय म्हणताहेत याला सामोरं जाण्यापेक्षा ते कसं लिहितात याची टिंगल सोपी होती. फुल्यांचं लेखन आज दीडशे वर्षांनीही लोक वाचतात. ती टिंगल आठवते ती टीकाकाराच्या मर्यादेचा पुरावा म्हणून. ऑनलाइन परीक्षणांत हेच मी सतत पाहते: गावाकडच्या लेखकाच्या पुस्तकाखाली ‘शुद्ध मराठी येत नाही वाटतं’ अशी ओळ टाकायची आणि मोकळं व्हायचं. तुमच्याच तालुक्यातली माणसं तुमच्याच बोलीत बोलतात, हा सरांच्या कादंबरीचा दोष कसा? उलट आयुष्यभर प्रमाण मराठी शिकवलेल्या माणसानं संवादांत बोली आणली, याची नोंद घ्यायला हवी होती. निवेदनातली भाषा सपाट असेल, एखाद्या पात्राच्या तोंडची बोली मध्येच पुस्तकी होत असेल, तर तसं लिहा, पान सांगा. मुद्रितशोधनाच्या चुका असतील तर तसं सांगा, त्यांनी वाचन अडतंच. पण प्रुफाची चूक वेगळी आणि बोली वेगळी. दोन्ही एकाच लाल वर्तुळात घालू नका.

लाल वर्तुळांवरून आठवलं. पोस्टसोबत तुम्ही लाल वर्तुळं काढून अकरा पानांचे फोटो टाकलेत. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या 52 व्या कलमानुसार टीका किंवा समीक्षा करण्यासाठी पुस्तकातला मजकूर योग्य प्रमाणात वापरता येतो. किती ओळी, किती पानं, असं माप कायद्यानं दिलेलं नाही. मुद्दा पटवण्यापुरतं उद्धृत करावं, त्याच्या पुढे नाही, हे आपणच ठरवायचं असतं. तुमचा मुद्दा दोन उताऱ्यांत सिद्ध होत होता. शिवाय एका फोटोत शेवटच्या प्रकरणातलं पान आहे आणि जमीन कुणी विकली ते त्यात उघड लिहिलंय. कादंबरीभर लपवून ठेवलेली गोष्ट वाचकाच्या हातून काढून घ्यायचा आपल्याला हक्क नाही. कादंबरी वाईट असली तरी नाही.

आणि खाली कुणीतरी ‘पीडीएफ आहे का’ असं विचारलंय आणि कुणीतरी लिंक दिलीये. ती लिंक आज, हे वाचून होताच, काढून टाका. पुस्तकाची चोरीची प्रत वाटणं हा त्याच कायद्याच्या 63 व्या कलमाखाली गुन्हा आहे. त्यापेक्षाही मला लागतं ते हे की, ज्या माणसानं निवृत्तीच्या पैशांतून पुस्तक छापलं, त्याचं पुस्तक तुमच्या भिंतीवरून फुकट वाटलं जातंय. भिंत तुमची आहे. तिथे जे टिकतं त्याची जबाबदारी तुमचीही आहे, मग ते तुम्ही लिहिलेलं नसलं तरी. सरांच्या टकलावरच्या, चष्म्यावरच्या कमेंट्सही काढा. ‘मी तर फक्त कादंबरीविषयी लिहिलं, लोकांना मी कुठे सांगितलं’ हे म्हणणं तुमच्या मनालाही पटलेलं नाही, नाहीतर तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं.

टॅगचं काय? नावडलेल्या पुस्तकावर लिहिताना लेखकाला टॅग करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लेखकाला वाचायचं असेल तर तो शोधून वाचेल, बहुतेक लेखक शोधतातच. टॅग केलं की पोस्ट त्याच्या मोबाइलवर जाऊन वाजते, त्याच्या ओळखीपाळखीच्यांना दिसते, आणि खालची प्रत्येक टवाळी त्याला वाचावी लागते. त्याच्यावर उत्तर देण्याची सक्तीही येते. उत्तर दिलं तर ‘टीका सहन होत नाही’, नाही दिलं तर ‘बोलायला तोंड नाही’. सर गप्प राहिले. नव्या लेखकांना मी जे सांगत असते ते त्यांनी न सांगता केलं: परीक्षणावर वाद घालू नका. त्यांच्या मुलाला ते जमलं नाही, पण बापाची टवाळी वाचून मुलाला राग आला तर मी त्याला दोष देणार नाही.

मैत्रिणींच्या म्हणण्याविषयी. त्या अर्ध्या बरोबर आहेत. भेट मिळालेली प्रत म्हणजे स्तुतीचा करार नव्हे. आपल्याकडे मासिकांत आणि दैनिकांच्या पुरवण्यांत ‘साभार पोच’ असा मथळा असायचा. प्रकाशक परीक्षणासाठी प्रती पाठवायचे आणि संपादक त्या मथळ्याखाली पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत छापायचे. पुस्तक पोचलं, आम्ही आभारी आहोत, एवढाच त्याचा अर्थ. पुढे परीक्षण येईल की नाही, आलं तर बरं की वाईट, याचं आश्वासन त्यात नसे. सगळं उघड्यावर होतं, हे मला त्या पद्धतीचं सगळ्यात आवडतं. तुम्हीही तेवढंच करायला हवं होतं. ‘ही प्रत लेखकाकडून भेट मिळाली आहे, आणि ते माझे शिक्षक होते’ असं पहिल्याच ओळीत लिहायचं. पैसे घेऊन किंवा भेटवस्तू घेऊन समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही फुकट मिळालेली वस्तू आणि नातेसंबंध या दोन्ही गोष्टी जाहीर करायला सांगितल्या आहेत. त्यांचा रोख मोठा प्रभाव असणाऱ्यांवर आहे, पण आपल्यासारख्या छोट्या लिहिणाऱ्यांनी ती शिस्त पाळली तर वाचकाला कळतं की हे मत कुठून आलंय. नावडलेल्या पुस्तकापेक्षा आवडलेल्या पुस्तकाच्या वेळी याची जास्त गरज असते. मित्राच्या कवितासंग्रहावर ‘अप्रतिम, अवश्य वाचा’ लिहिताना मित्र असल्याचं कोण सांगतं?

प्रत घेऊन गप्प बसणं हाही एक मार्ग होता. छोट्या गावात, पहिलंच पुस्तक, स्वखर्चानं छापलेलं, हाताशी ना संपादक ना वितरक. अशा वेळी जाहीर न लिहिता सरांना दोन पानी पत्र लिहिलं असतं तरी तुमच्या प्रामाणिकपणाला बट्टा लागला नसता. गाजलेल्या लेखकाच्या दहाव्या आवृत्तीवर तुम्ही कडाडून लिहा, त्याचं काही बिघडत नाही. ज्याच्या पाचशे प्रती घराच्या माळ्यावर आहेत, त्याच्यावर लिहिताना सत्य कमी करू नका, पण आवाज कमी करा. फक्त खोटं कौतुक करू नका. तुमच्या शब्दावर कुणीतरी पुस्तक विकत घेतो, त्याची ती फसवणूक आहे. आणि सरांचीही, कारण मग ते दुसरी कादंबरी अशीच लिहितील.

आता करायचं काय? पोस्ट पूर्ण काढू नका. तिचे स्क्रीनशॉट गावभर फिरलेत, त्यामुळे पोस्ट काढल्यानं ती टोचणारी वाक्यं जाणार नाहीत. जाईल ते फक्त थोरल्या जावेविषयीचं आणि भुकेविषयीचं. पोस्ट संपादित करा. वर सांगितलेली वाक्यं काढा, नऊ फोटो काढा, टॅग काढा. आणि शेवटी स्पष्ट लिहा की मूळ पोस्टमध्ये लेखकाच्या शिक्षकीविषयी आणि पात्रांच्या बोलीविषयी लिहिलेली वाक्यं अनुचित होती, ती मागे घेतली आहेत, कादंबरीविषयीचं मत कायम आहे. गुपचूप बदल करू नका. ज्यांनी पहिली पोस्ट वाचली त्यांना दुसरीही दिसली पाहिजे. जी टवाळी तुम्ही ‘लाइक’ केली होतीत, तिथून तुमचा अंगठाही काढून घ्या.

मग वाचनालयात जा. फोनवर नको, मेसेज तर मुळीच नको. सरांना सांगा की त्या वाक्यांबद्दल मी माफी मागायला आले आहे. कादंबरी आवडली नाही याबद्दल माफी मागू नका, ती खोटी होईल आणि त्यांना ती लगेच ओळखता येईल. त्यांनी तुमचे निबंध तपासलेले आहेत. ते बोलायच्या मनःस्थितीत असतील तर थोरल्या जावेविषयी विचारा: तिचं पुढे काय झालं असं तुमच्या मनात होतं? मला खात्री आहे की त्यांच्या मनात काहीतरी होतं आणि ते पानांवर उतरायचं राहिलं. ते बोलणार नसतील तर तेही चालेल. माफी मागणाऱ्यानं उत्तराची अट घालायची नसते. मुलालाही एक ओळ कळवा की सरांना भेटले, पोस्ट दुरुस्त केली. त्यापलीकडे त्याच्याशी वाद नको.

पुढच्या वेळी लिहाल तेव्हा आणखी काही. पुस्तक अर्धवट सोडलं असेल तर कितव्या पानावर ते सांगा. प्रकाशक, पृष्ठसंख्या आणि किंमत द्या, कारण मराठी पुस्तक मिळवताना वाचकाला या माहितीशिवाय फार वणवण करावी लागते. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव लेखकाच्या शेजारी लिहा. भाषा ओघवती आहे असं म्हणताना ती कुणाची, हे विसरून चालणार नाही. आणि लिहून झालं की रात्रभर ठेवा. सकाळी जे वाक्य तुम्हाला सगळ्यात जास्त आवडेल, ते पुस्तकाविषयी आहे का तेवढं तपासा.

राहिले स्टार. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर दोन स्टारचा अर्थ ‘ठीक होतं’ असा दिलेला आहे. ॲमेझॉनवर मात्र तीन स्टारसुद्धा प्रतिकूल परीक्षणांत मोजले जातात. म्हणजे एकच आकडा दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगतो. त्यात मराठी पुस्तकाखाली मुळात दोन-चारच जणांनी स्टार दिलेले असतात. दोघांनी पाच-पाच दिले आणि तुम्ही एक दिला, तर साधी सरासरी पाचावरून थेट 3.7 च्या घरात येते. तुमच्या पोस्टवरून मला ही कादंबरी दोन स्टारची वाटते, एकाची नाही. जिच्यातली जाऊ नाहीशी झाली म्हणून वाचणाऱ्याला चुटपुट लागते, ती कादंबरी अगदीच वाया गेलेली नसते. पण सध्या काहीच देऊ नका. आत्ता दिलेला आकडा पुस्तकाला कमी आणि भांडणाला जास्त असेल. शिवाय ॲमेझॉन लेखकाच्या निकटच्या माणसांची परीक्षणं स्वीकारत नाही. तुम्ही त्यांत मोडता की नाही हे शांतपणे ठरवा. दोन-तीन महिन्यांनी द्यावेसे वाटले तर दोन द्या आणि खाली कारणाची चार वाक्यं लिहा. त्याआधी एकदा तिथे जाऊन बघा. तुमची पोस्ट वाचून, कादंबरी न वाचताच, तुमच्या ओळखीच्या कुणी एक स्टार दिला असेल, तर तो काढून घ्यायला तुम्हीच सांगा. तुमचं ते ऐकतील.